थोडा कमी उजेड

मंद प्रकाश एके काळी फुकट मिळायचा. संध्याकाळचे सात वाजले, पिठाच्या गिरणीपासून घराघरातल्या दिव्यांपर्यंत सगळं एकदम सुरू झालं, की व्होल्टेज उतरायचं आणि माजघरातला साठचा बल्ब पिवळ्याचा नारिंगी होत जायचा. आणखी उतरलं की आतली तार नुसती लालसर दिसायची. बल्बकडे थेट बघून तिचे वेढे मोजता यायचे. "आज लाइट फारच डिम आहे," असं म्हणत माणसं वीज देणाऱ्यांचा उद्धार करायची आणि कंदिलाची काच पुसायला घ्यायची. असल्या प्रकाशासाठी पुढे लोक जादा पैसे मोजतील असं तेव्हा कोणी म्हणालं असतं, तर घरच्यांनी त्याची दृष्ट काढली असती.

शिवाय झिरोचा बल्ब होता. देवघरात लाल, झोपायच्या खोलीत निळा किंवा हिरवा. हा झिरो खरं तर बारा ते पंधरा वॅट खायचा. पण चकतीच्या जुन्या मीटरला एवढासा भार जाणवत नसे, चकती हलायची नाही, म्हणून त्याचं बारसं झिरो असं झालं. मीटरला कळलं नाही ते खर्चलंच नाही, या हिशेबावर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या रात्री ठेच न लागता उठल्या.

आता हे दोन्ही गेलं. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचं रंगकाम निघालं तेव्हा त्याबरोबर फॉल्स सीलिंग आलं, आणि फॉल्स सीलिंगबरोबर चिरंजीवांची योजना. सूर्यास्त झाला की दिवे आपोआप लागणार, जेवताना साठ टक्के, दहानंतर वीस, आणि मध्यरात्री कोणी पाणी प्यायला उठलं तर पॅसेजमध्ये फक्त पाच. "बाबा, सगळे बल्ब डिमेबल घ्यायचे, बाकी मी बघतो," असं तो म्हणाला. माझ्या आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मला दिवा लावायचा झाला तर?"

तिच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी बल्ब.

आपल्याकडच्या एलईडी बल्बची सगळी कीर्ती तो मंद होत नाही यावर उभी आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब घरोघर पोचले, ते ३६ कोटींहून अधिक. सरकारी खरेदीत सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. हा बल्ब ज्या देशात लागणार होता तिथे व्होल्टेज कधी किती असेल याचा नेम नव्हता. म्हणून त्याच्या बुडाशी असा ड्रायव्हर बसवला की वरून काहीही येवो, आतल्या एलईडींना ठरलेला करंट मिळालाच पाहिजे. खोक्यावर बघा, बऱ्याच बल्बांवर १०० ते ३०० व्होल्ट असं छापलेलं सापडेल. पगार निम्म्यावर आला तरी घरखर्चाला तेवढेच पैसे काढून देणारा कर्ता पुरुष असतो ना, तसा हा ड्रायव्हर. घरात कुणाला काही कळू देत नाही. आणि एक दिवस अगदीच झेपेनासं झालं की एकदम आडवा होतो. अशा बल्बाला डिमर जोडला की हेच होतं. तुम्ही खटका फिरवत राहता, तो पूर्ण तेजाने जळत राहतो, आणि शेवटच्या टप्प्यात लुकलुकायला लागतो किंवा थेट विझतो. दोष कोणाचाच नाही. विजेचा पुरवठा कमी झाला तर तिकडे दुर्लक्ष कर, असं त्याला शिकवलेलं. आणि आपण मुद्दाम पुरवठा कमी करून त्याने ते मनावर घ्यावं अशी अपेक्षा करतो.

डिमर म्हणजे तरी काय? पूर्वी नाटकवाले जगभर मिठाच्या पाण्याचे डिमर वापरायचे. मोठ्या भांड्यात खारं पाणी, त्यात धातूचे दोन पत्रे. पत्रे जवळ आणले की दिवा वाढणार, लांब नेले की कमी होणार. नायिका रडायला लागली की पडद्यामागे कोणीतरी पत्रा वर ओढत असे आणि पाणी कोमट होत असे. त्यानंतरचे रोधकाचे डिमरही तापायचेच, कारण जी वीज दिव्याला द्यायची नाही ती कुठेतरी जाळावीच लागायची. आमच्या घरच्या पंख्याचा तो चौकोनी, हात लावला की चटका देणारा रेग्युलेटर याच खानदानातला. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा नावाच्या गृहस्थांनी अर्धवाहकाचा, भिंतीतल्या बटणाच्या खोबणीत बसेल एवढा डिमर घडवला आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन ही कंपनी काढली. त्यांच्या डिमरने वीज जाळायची नाही, कापायची. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते, म्हणजे शंभर अर्ध्या लाटा. प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडा भाग डिमर आत सोडतच नाही. जुन्या बल्बची तार एकदा तापली की सावकाश निवणारी, तिला या कापाकापीचा पत्ता लागत नसे. ती आपली सरासरी काढून मंद जळायची. एलईडीला तेवढी सबुरी नाही. वीज गेली की त्याच क्षणी तो विझतो. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळालं, ते योग्यच झालं. तो नीट मंद करून दाखवणाऱ्या वायरमनलाही काहीतरी मिळायला हवं होतं.

आमच्या वायरमनने पहिला उपाय सांगितला तो असा: "साहेब, कशाला महागात जाताय? पंख्याचा रेग्युलेटर बसवून देतो, पाच नंबर मिळतील." माणूस चांगला, हात स्वच्छ, पण हल्लीच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, पंख्याला ते मानवतात, एलईडीच्या ड्रायव्हरला त्यांचं काही देणंघेणं नाही. मग आमच्या जुन्या हॉलमधला डिमर निघाला, साठच्या बल्बांच्या काळातला. त्याला किमान चाळीस-साठ वॅटचा भार लागतो. नऊ वॅटचा एक बल्ब लावला तर दिवा आहे की नाही याचीच त्याला शंका येते, आणि शंका आली की तो धरसोड करतो. खालच्या वीस टक्क्यांत आमचा हॉल एखाद्या गणेश मंडळाला लाजवेल असा चमकला. आई म्हणाली, "हे छान आहे, पण रोज नको."

डिमरच्या दोन जाती आहेत. एक लाटेचं डोकं कापतो, दुसरा शेपूट. डोकं कापणारा जुना, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. पण लाट मध्येच धाडकन सुरू होत असल्यामुळे त्याच्यावर पुष्कळसे एलईडी गुणगुणतात. शेपूट कापणारा जरा महाग, पण त्याच्यावर बल्ब बहुतेक वेळा गप्प राहतो. बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या जातीच्या डिमरशी त्याचं पटतं ते पत्रिका जुळवून बघितल्याशिवाय कळत नाही. काही कंपन्या जुळणाऱ्या डिमरांच्या याद्या देतात. त्या याद्यांत आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळणारा डिमर असेलच असं नाही.

म्हणून बल्ब कानाने निवडावेत या मताचा मी झालो आहे. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराने काउंटरवर होल्डर, वायर आणि आम्ही नेलेला डिमर जोडून दिला. दुपारची वेळ, बाहेर हातगाडीवाल्यांची आरडाओरड. त्यात मी आणि चिरंजीव बल्बला कान लावून उभे. पहिला बल्ब चाळीस टक्क्यांना गुंऽ करायला लागला. दुसरा गप्प होता, पण मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला तर पडद्यावर काळे पट्टे वर सरकताना दिसले. म्हणजे डोळ्याला न दिसणारी लुकलुक होतीच. तिसरा निम्म्यापर्यंत छान आला आणि तिथून पुढे एकदम विझला. परत लावायला खटका बराच वर न्यावा लागे. "साहेब, मोटरसायकलला चोक द्यावा तसं आहे ते," दुकानदार म्हणाला. चौथा खालपर्यंत आला, गुपचूप आला, आणि अगदी तळाशी जाऊनही जळत राहिला. त्याची किंमत साध्या बल्बच्या तिपटीच्या घरात होती. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काय, बंद करायला एवढा महाग बल्ब घेताय?" पेठेत कोणीतरी एवढं म्हणणारच होतं.

दुकानदाराने मात्र एक मोलाची गोष्ट सांगितली. लागतील तेवढे सगळे एकदम घ्या, वर दोन जास्त घ्या. खोकं तेच राहतं, नाव तेच राहतं, पण सहा महिन्यांनी आतला ड्रायव्हर बदललेला असतो. मग एका झुंबरातले चार बल्ब मंद होतात आणि पाचवा, नवा, आपल्याच मनाने वागतो.

खोक्यावरच्या टक्क्यांचीही एक गंमत आहे. '१० टक्क्यांपर्यंत मंद होतो' हे वाचून आपण खूश होतो. पण डोळा मीटरसारखा सरळ मोजत नाही. मापकावर दहा टक्के असलेला उजेड आपल्याला तिसाच्या आसपास वाटतो. पाव उजेड निम्मा वाटतो. म्हणजे दहा टक्क्यांवर अडणारा बल्ब रात्री अकराला हॉलमध्ये चांगलाच लख्ख असतो. खरोखरच अंधूक, कोणी सोफ्यावर पडल्या पडल्या झोपून जाईल असा उजेड हवा असेल तर एका टक्क्यापर्यंत उतरणारा बल्ब शोधावा लागतो, कारण तो डोळ्याला दहा टक्के भासतो. बहुतेक खोकी याबाबत मौन पाळतात.

आणि रंग. जुन्या बल्बची तार थंडावली की तिचा रंग आपोआप तांबूस व्हायचा, त्यामुळे मंद म्हणजे उबदार हे आपल्या डोळ्यांत बसलेलं आहे. एलईडी कमी होतो तो आपल्या मूळ रंगासकट. ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र बल्ब वीस टक्क्यांवर आणून त्याखाली जेवायला बसा. वरणाचा रंग उतरलेला दिसतो आणि समोरच्या माणसाला बरं नाही की काय असं वाटतं. क्रुइथॉफ नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९४१ साली मांडलं होतं की कमी उजेडात माणसाला पिवळट प्रकाश रुचतो, पांढरा नाही. पुढच्या प्रयोगांत ते सगळं टिकलं नाही, पण आमच्या जेवणाच्या टेबलापुरतं टिकलं. तेव्हा मंद करायचा असेल तर २७०० केल्व्हिनचा घ्यावा, आणि हौस असेल तर कमी होता होता १८०० पर्यंत तांबूस होत जाणारेही मिळतात. जुन्या बल्बाची ती नक्कल आहे, पण झकास आहे.

अडचण एवढीच की आमच्या पिढीला पिवळा दिवा म्हणजे वाईट दिवस वाटतात. घरात ट्यूबलाइट आली ती बढतीच्या वर्षी. पांढरा उजेड म्हणजे पोरं शिकली, कर्ज फिटलं. आता इंटिरियरवाली मुलगी तोच पिवळा 'कोझी' म्हणून परत आणते, आणि आई शेजारच्या काकूंना हळू आवाजात समजावते, "पैसे आहेत हो, यांनाच असला दिवा हवाय."

आता आईचा तो दिवा लावायचा प्रश्न. घर शहाणं करायचं तर अक्कल कुठे घालायची, बल्बमध्ये की भिंतीत? चिरंजीवांचा कल बल्बकडे. बल्बच वायफायवर किंवा झिगबी रेडिओवर बोलणार, रंग बदलणार, फोडाफोडी नको. सगळं खरं. पण अशा बल्बला चोवीस तास वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो ठार बहिरा. आणि आमच्या घरात खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करणं हा संस्कार आहे. आई ऐंशी ओलांडून गेली तरी तिचा हात दाराजवळच्या बोर्डाकडे आपोआप जातो. सुरुवातीला असे बल्ब लावून पाहिले, तर ती बटण बंद करायची, मोबाइलवर 'उपकरण प्रतिसाद देत नाही' असं यायचं, चिरंजीव आतून ओरडायचा, "आजी, बटणाला हात लावू नकोस!" यावर तिने दिलेलं उत्तर असं की, "मग ते भिंतीला लावलंय कशाला?" मला या वादात आईची बाजू बरोबर वाटते. बोर्डावर बटण ठेवायचं आणि ते दाबू नका म्हणायचं, हे काही घर चालवायचं लक्षण नव्हे.

त्यात एकदा पहाटे वीज गेली आणि आली. असल्या बल्बांची मूळ खोड अशी की वीज परतली की पूर्ण तेजाने पेटायचं, म्हणजे कोणी बटणानेच लावला असेल तर त्याची सोय व्हावी. पहाटे साडेतीनला अख्खं घर उजळलं. आई उठून आंघोळीला गेली. ही खोड सेटिंगमध्ये बदलता येते, हे तिला सांगेपर्यंत तिची पूजा झाली होती.

म्हणून शेवटी उलटं केलं. बल्ब घेतले बिनडोक पण सोशिक, शेपूटवाल्या डिमरशी जमणारे. अक्कल घातली भिंतीतल्या डिमरमध्ये. बटण दाबलं तर दिवा लागतो, मोबाइलवरून सांगितलं तरी लागतो, आणि कुणी कुणाला ओरडत नाही. आपल्याकडच्या बोर्डांवर बहुधा प्लग असतोच, त्यामुळे न्यूट्रल तिथपर्यंत आलेली असते, आणि अशा डिमरला ती मिळाली की बरं पडतं. नाहीतर तो स्वतःचं पोट भरायला बल्बमधूनच थोडा करंट ओढतो, आणि बंद केलेला बल्ब रात्रभर भुतासारखा मिणमिणत राहतो. दोन्हीकडे अक्कल मात्र घालू नये. शहाण्या बल्बला डिमरची कापलेली वीज दिली की त्याचं डोकं फिरतं. आणि इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लाटेचा असेल, तर वीज गेल्यावर डिमरकडून कसलीच अपेक्षा ठेवू नये. त्याला गोल लाटा कापायची सवय आहे.

अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला डिमर कपाटात पडून आहे. तो तिकडच्या १२० व्होल्टचा, आणि त्याचा रेडिओ झेड-वेव्हचा. ती लहर भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झवर चालते, अमेरिकेत ९०८.४२ वर, त्यामुळे तो इथे कोणाशीच बोलू शकत नाही. दिसायला सुंदर आहे.

विजेचं बिल किती कमी होईल, हा प्रश्न बायकोने विचारला. नऊ वॅटचे दहा बल्ब रोज पाच तास, महिन्याचे साडेतेरा युनिट होतात. सगळे कायम निम्म्या विजेवर ठेवले तर पावणेसात वाचतात. दोन-तीन वडापावांचे पैसे. आणि शहाणेच बल्ब ठेवले असते, तर बंद असतानाही हुकूम ऐकायला जागं राहण्यासाठी प्रत्येकाने अर्धा वॅट जरी खाल्ला तरी महिन्याला जवळजवळ तीन युनिट तिथेच गेले असते. झिरो बल्बचा वंश असा टिकून आहे. फक्त आताच्या मीटरला सगळं कळतं.

टक्क्यांवरून घरात अजून तह झालेला नाही. चिरंजीवाला दहानंतर वीस हवेत. मला पेपर वाचायला सत्तर लागतात. तांदूळ निवडताना आईला शंभरही कमी पडतात, आणि त्यात तिचा हेका नाही: साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि ती तर त्याच्याही वीस वर्षं पुढे आहे. म्हणजे ज्याला वीस टक्के पुरतात तो तिशी न गाठलेला, आणि सगळ्यांचे आकडे ठरवणारा मोबाइल नेमका त्याच्याच हातात. तिच्या कोपऱ्यात मग एक साधा, बारा वॅटचा, पांढराफेक, पिनच्या होल्डरचा बल्ब लावून दिला, स्वतंत्र बटणावर, कोणत्याही योजनेत न घेता. घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा दिवा तोच आहे.

तपकीर गल्लीतून आणलेले दोन जास्तीचे डिमेबल बल्ब मी खोक्यासकट माळ्याच्या कपाटात जपून ठेवले होते, हॉलमधला एखादा गेला तर असावेत म्हणून. परवा हॉलमधला गेला. कपाट उघडलं तर दोन्ही खोकी रिकामी. एक बल्ब मोरीत सापडला, दुसरा गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या वर. दोन्हीकडे साधी बटणं, त्यामुळे दोन्ही शंभर टक्के तेजात. "अरे, तिथले गेले होते," आई म्हणाली. "कपाटात नवे पडून होते, बाहेरून कशाला आणायचे? चांगले आहेत हो हे. घरात पण असलेच लाव."